शेजारधर्म कोणी पाळायचा?

नव्या वर्षाची दिनदर्शिका घरात आली की आई प्रथम एकादश्या पाहत नाही, लग्नाचे मुहूर्त पाहते. आमच्याकडे कोणाचे लग्न ठरलेले नाही. आमच्या घराच्या मागच्या भिंतीपासून पंचवीस-तीस पावलांवर एक मंगल कार्यालय आहे, एवढेच. मुहूर्ताच्या तारखांवर आई पेन्सिलीने बारीक फुली करते आणि त्या फुल्यांवरून आमच्या घरातील पुष्कळ गोष्टी ठरतात. आजीला आत्याकडे कधी पाठवायचे, पाहुण्यांना कोणत्या दिवशी बोलवायचे नाही, परीक्षेच्या आदल्या रात्री मी मैत्रिणीकडे झोपायला जायचे की नाही, हे सारे ती फुली ठरवते. चातुर्मासात लोक व्रते धरतात. आम्ही गणपतीचे दिवस वगळून तो चार महिन्यांचा विसावा म्हणून भोगतो. तुळशीचे लग्न लागले की इतरांच्या घरी उत्साह येतो, आमच्या घरी बाबांच्या कपाळावर आठी येते.

हे सांगितले की मैत्रिणी हसतात. मीही हसते. पण ज्या घरात माणसे दिनदर्शिका पाहून घाबरतात, त्या घराचे काहीतरी बिघडले आहे, हे मला गेल्या दोन वर्षांत कळू लागले आहे. शेजारच्या उपद्रवावर बोलायचे म्हटले की आपण आवाज किती मोठा होता हे सांगतो. आवाजाने घरातल्या माणसांचे काय झाले, हे सहसा सांगत नाही. मला त्याविषयी लिहायचे आहे.

आमच्या गल्लीत लग्नापेक्षा हळदीच्या रात्रीची धास्ती अधिक. लग्न दिवसा लागते आणि आटोपते. हळदीला मात्र संध्याकाळी मोठाले ध्वनिक्षेपक येतात आणि रात्री कधी थांबतील याचा नेम नसतो. गाण्याचे शब्द आमच्यापर्यंत पोचत नाहीत. भिंती आणि बंद खिडक्या वरच्या पट्टीचे आवाज पुष्कळसे अडवतात. खालच्या पट्टीचे आवाज त्यांतून सहज पार होतात. त्यामुळे आमच्या वाट्याला गाणे येत नाही, गाण्याची नुसती धडधड येते. कपाटातील काचेचे पेले एकमेकांना लागून किणकिणतात. आजी छातीवर हात ठेवून म्हणते, "हे माझ्या आतच वाजतंय की काय गं?" तिला काय उत्तर द्यावे ते कळत नाही.

माझे बाबा शांत गृहस्थ आहेत. एका पतसंस्थेत हिशेब पाहतात. आकड्यांइतकेच मोजून बोलतात. गेल्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. धाकट्या भावाच्या हातून चमचा फरशीवर पडला आणि बाबा एवढ्या मोठ्याने ओरडले की आईच्या हातातील पोळी तव्यावरच राहिली. भाऊ रडत उठून गेला. बाबाही अर्धे जेवण टाकून उठले. वड्याचे तेल वांग्यावर निघाले, असे आपण म्हणू. पण मला पुढे कित्येक दिवस एकच गोष्ट छळत राहिली. त्या क्षणी मंगल कार्यालयात संपूर्ण शांतता होती. हळदीचे सामान दुपारीच उतरले होते, एवढेच. बाबा आवाजाने चिडले नव्हते. आवाज आता सुरू होईल, मग सुरू होईल, अशी वाट पाहून ते थकले होते.

या गोष्टीचा उलगडा मला मानसशास्त्राच्या तासाला झाला. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आवाजावर काही प्रयोग केले आणि ते १९७२ साली 'अर्बन स्ट्रेस' या पुस्तकात एकत्र मांडले. टंकलेखन यंत्र, हिशेबाचे यंत्र, परक्या भाषेतील बोलणे अशांचा मिळून एक गोंगाट त्यांनी ध्वनिफितीवर तयार केला आणि तो ऐकवत लोकांना साधी कामे करायला दिली. गंमत अशी की गोंगाट चालू असताना लोकांनी कामे बऱ्यापैकी केली. माणूस जुळवून घेतो. फरक दिसला तो गोंगाट थांबल्यावर. ज्यांना तो अनियमितपणे, केव्हाही ऐकवला होता, त्यांच्या हातून मागाहून मुद्रिते तपासताना अधिक चुका झाल्या आणि अवघड कोडी त्यांनी लवकर सोडून दिली. म्हणजे जुळवून घेण्याची किंमत मागाहून चुकवावी लागली.

त्याच मालिकेतील दुसरा प्रयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. काही जणांच्या हाताशी एक बटण दिले होते. फारच असह्य झाले तर ते दाबून आवाज बंद करता येईल, पण शक्यतो दाबू नये, असे त्यांना सांगितले होते. बहुतेकांनी ते दाबले नाही. त्यांनीही इतरांइतकाच गोंगाट ऐकला. तरीसुद्धा नंतरच्या कामात त्यांच्या चुका पुष्कळ कमी झाल्या आणि कोड्यांशी ते अधिक वेळ झटत राहिले. आवाज तोच, कान तसेच. फरक फक्त हाताशी असलेल्या त्या न दाबलेल्या बटणाचा.

हा प्रयोग समजला त्या दिवशी मला बाबांचे ओरडणे समजले. आमच्या हाताशी बटण नाही. शेजारच्या उपद्रवाने माणूस खचतो तो केवळ आवाजाच्या मोठेपणामुळे नव्हे. तो केव्हा सुरू होईल हे ठाऊक नसते, केव्हा थांबेल हे ठाऊक नसते आणि आपण बोललो तर त्याचा काही उपयोग होईल असे वाटत नाही, यामुळे तो खचतो. मराठीत याला फार नेमका शब्दप्रयोग आहे: तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यातील बुक्क्यांकडे सगळ्यांचे लक्ष जाते. तोंड दाबलेले आहे, याकडे कोणी पाहत नाही.

"सवय होते हो, लक्ष द्यायचं नाही," असे सांगणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी आणखी एक उदाहरण देते. न्यूयॉर्क शहरात एक शाळा उंचावरून जाणाऱ्या रेल्वेमार्गाला अगदी लागून होती. शाळेच्या एका बाजूच्या वर्गांना गाड्यांचा खडखडाट सतत ऐकू येई, दुसऱ्या बाजूला शांतता असे. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दोन्ही बाजूंच्या मुलांच्या वाचनाची तुलना करून १९७५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोंगाटाच्या बाजूची मुले वाचनात मागे होती. वरच्या इयत्तेत हा फरक जवळजवळ एका वर्षाचा होता. ती मुलेही 'सवय' झालेलीच होती. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, वर्गांच्या छतांना आवाज शोषणारे आच्छादन लावले आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तो फरक नाहीसा झालेला आढळला. मुले तशीच होती, शाळाही तीच. म्हणजे मंद मुले नव्हती, मंद केली गेली होती. झोपेचेही तसेच. आपण जागे झालो नाही तरी रात्रीच्या आवाजाला आपले हृदय उत्तर देतच असते. डोळ्यांना पापण्या आहेत. कान रात्रभर उघडेच राहतात.

आता कोणी विचारील, कायदा नाही का? आहे, आणि तो कच्चाही नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांनी घातली. दोन माणसांचे साधे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते, यावरून ४५ म्हणजे किती शांतता याची कल्पना येईल. दर दहा डेसिबलला आवाजाची शक्ती दहापट होते, हे लक्षात घेतले म्हणजे आमच्या पेल्यांच्या किणकिणीचा हिशेब कोणालाही करता येईल. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सण-उत्सवांसाठी बारापर्यंत सवलत देऊ शकते. बंद सभागृहात ध्वनिक्षेपक लावता येतो. मात्र २०१० साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे खाजगी जागेच्या सीमेवर तो आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक जाता कामा नये.

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी एक महत्त्वाचा निकाल दिला. तो ज्या याचिकेवर दिला, तिच्यामागची हकीकत वाचून मी बराच वेळ सुन्न बसले होते. एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार होत असताना तिच्या किंकाळ्या शेजारच्या ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात कोणालाच ऐकू गेल्या नाहीत. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतले. जानेवारी १९९८ मधील वर्तमानपत्रांत ही बातमी आली. ती वाचून अस्वस्थ झालेल्या एका अभियंत्याने न्यायालयाकडे धाव घेतली. आपल्या घरात शांततेने राहणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि बोलण्याचे स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याला सक्तीने ऐकवण्याचे स्वातंत्र्य नव्हे, असे न्यायालयाने त्या निकालात स्पष्ट केले.

तेव्हा बटण आहे. मग ते आमच्या हाताशी का नाही? एका हळदीच्या रात्री अकरा वाजता बाबांनी पोलिसांना फोन करण्यासाठी हात पुढे केला आणि मागे घेतला. "नाव विचारतील," ते म्हणाले. "उद्या सकाळी तोंडं दिसायची आहेत." मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी, असे पोलिसांना बजावले आहे. न्यायालयालाही ही भीती खरी वाटली, हेच त्यातून दिसते. पण बाबांना केवळ पोलिसांची धास्ती नव्हती. त्यांना आणखी एका शब्दाने अडवले होते. तो शब्द म्हणजे शेजारधर्म.

"लग्न काय रोज रोज होतं? एक दिवस सोसा की. शेजारधर्म आहे काही!" हे वाक्य आमच्या गल्लीत मी इतक्यांदा ऐकले आहे की ते आता ध्वनिक्षेपकाहून मोठे वाटते. ज्याच्या घरचे लग्न, त्याचा तो एकच दिवस असतो हे खरे. पण आमच्या दिनदर्शिकेवर गेल्या वर्षी फुल्या चाळीसच्या वर होत्या. आणि शेजारधर्माची आठवण नेहमी सोसणाऱ्यालाच का करून द्यायची? ज्याने आवाज लावला, त्याचा काही शेजारधर्म नाही का? एवढा सुंदर शब्द आपण दुसऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी वापरतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला आमच्या आजीनेच घेतला. ती म्हणाली, "आमच्या वाड्यात काय कमी आवाज होता? पहाटे रहाटाची कुरकुर, दिवसा उखळात मुसळं, संध्याकाळी दहा पोरांची परवचा. कुणाला काही झालं नाही." आजी खोटे बोलत नाही. मी तिला विचारले, "आणि कुणी आजारी असलं तर?" "मग काय! खिडकीतून ओरडायचं, अगं बास कर गं आता, आमच्या ह्यांना ताप आहे. थांबायची ती." आजीच्या वाड्यात बटण होते! ते दर खिडकीत होते. आवाज कोणाचा हे ठाऊक होते, तो केव्हा थांबणार हे ठाऊक होते आणि सांगितले तर ऐकणारे माणूस समोर होते. वाड्यातील जीवन सुखाचेच होते असे नाही. तिथे कोणाच्या घरातील कोणतीच गोष्ट झाकून राहत नसे आणि सुनांची त्यात फार कुचंबणा होई, हेही आजीच सांगते. पण आवाजाच्या बाबतीत ती म्हणते ते खरे. आज ध्वनिक्षेपक भाड्याचा, तो वाजवणारा परगावचा, लग्नघर तिसऱ्याच गावचे. ओरडायचे कोणाच्या खिडकीकडे पाहून?

इथवरचे सारे मी मोठ्या आवेशाने लिहिले असते आणि लेख इथेच संपवला असता. पण मध्यंतरी एक गोष्ट घडली आणि माझा आवेश उतरला.

आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. आमच्या खाली एक वृद्ध काकू, त्यांचा मुलगा आणि सून राहतात. एक दिवस भाजी घेताना त्या सूनबाई सहज आईला म्हणाल्या, "परीक्षा संपली वाटतं ताईची? सासूबाईंना आता झोप लागते." माझा पाठांतराचा रिवाज असा, की पहाटे साडेचारला उठायचे आणि खोलीत येरझारा घालत मोठ्याने वाचायचे. थकले की खुर्ची ओढून बसायचे, पुन्हा उठायचे. काकूंची खाट बरोबर माझ्या खोलीखाली आहे. गेले वर्षभर त्या पहाटे साडेचारपासून छताकडे पाहत पडून राहत होत्या, आणि त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

मी खाली गेले. लाज वाटत होती. काकू म्हणाल्या, "अगं, पोर अभ्यास करते, तिला कसं सांगायचं? आणि शेजारधर्म आहे." तोच शब्द! मंगल कार्यालयाच्या नावाने बोटे मोडणाऱ्या मला हे एकदाही सुचले नव्हते की माझ्या पायांखालीही कोणाचे तरी डोके आहे. आपला तो अभ्यास आणि दुसऱ्याचा तो गोंगाट. 'आपला तो बाब्या' म्हणतात ते हेच. मी खुर्चीच्या पायांना जुन्या पातळाच्या चिंध्या बांधल्या. पाठांतर पुढच्या खोलीत नेले. आणि काकूंना म्हटले, "आवाज आला तर काठीनं छताला दोनदा ठोका. मी लगेच थांबेन. मनात काही आणू नका." काकू हसल्या. त्यांनी आजवर एकदाही काठी वाजवलेली नाही. पण परवा त्याच म्हणाल्या, "आता झोप बरी लागते." पाठांतराचा आवाज थोडा कमी झाला आहे खरा. पण काठी हाताशी आहे, हेही त्याचे कारण असणार, असे मी मानते.

त्यानंतर बाबा आणि मी मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकांकडे गेलो. भांडायला गेलो नाही. तीन गोष्टी मागितल्या: महिन्याच्या तारखांची यादी, बंद करण्याची ठरलेली वेळ आणि त्या रात्री हजर असलेल्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक. ते गृहस्थ आधी वैतागले, मग म्हणाले, "इतक्या वर्षांत कुणी असं विचारायलाच आलं नाही." यादी मिळाली, क्रमांक मिळाला. बाबांनी पुढे दोनदा फोन केला, दोन्ही वेळा आवाज उतरला. तिसऱ्या वेळी फोन कोणी उचलला नाही आणि साडेअकरापर्यंत पेले वाजत राहिले. त्या रात्री बाबांनी पोलिसांना कळवले. हात मागे घेतला नाही. थोड्या वेळाने आवाज बंद झाला. कोणी बंद केला ते आम्हांला कळले नाही. दुसऱ्या दिवशी तोंडे दिसली, काही बिघडले नाही.

तेव्हा सौजन्याने सारे सुटते असा भाबडा दावा मी करत नाही. जिथे विनंती पोचत नाही तिथे कायदा हवा, आणि तो वापरणाऱ्याला आपण भांडखोर म्हणता कामा नये. पण कायदा हे शेवटचे बटण आहे. त्याच्याआधीची लहान लहान बटणे आपण एकमेकांच्या हाती द्यायची असतात. "आज आमच्याकडे कार्यक्रम आहे, दहाला संपेल, त्रास झाला तर या क्रमांकावर सांगा." एवढ्या एका वाक्याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. आवाज त्याने बंद होईलच असे नाही, पण ऐकणारा माणूस असहाय राहत नाही. माझ्या मते शेजारधर्म तो हाच, आणि तो आवाज करणाऱ्याने आधी पाळायचा आहे.

शेवटी एक घरचा आहेर. आपल्या महाविद्यालयाच्या भिंतीला लागून वस्ती आहे. स्नेहसंमेलनाच्या तीन दिवसांत आणि त्याआधीच्या तालमींत आपले ध्वनिक्षेपक कोणत्या दिशेला तोंड करून असतात, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? शिक्षणसंस्थेभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करण्याची तरतूद कायद्यात आहे, ती आपल्याला शांतता मिळावी म्हणून. आपणच ती शेजाऱ्यांची हिरावून घ्यावी, यापरता विनोद कोणता? माझी सांस्कृतिक मंडळाला आणि प्राध्यापकवर्गाला विनंती आहे. यंदाच्या संमेलनापूर्वी आठ दिवस आपल्यापैकी चार-चार जणांनी त्या घरांत जावे. कार्यक्रमाच्या वेळा आणि एक दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद द्यावा. आणि घरात कोणी आजारी आहे का, कोणाची परीक्षा आहे का, एवढे विचारून यावे. त्या गटात माझे नाव सर्वांत आधी लिहून घ्यावे.

त्या वस्तीतही कोणाची तरी आई दिनदर्शिकेवर आपल्या संमेलनाच्या तारखांना फुली करत असेल.